गुलछडीची वाकळ

"आता जे सांगणार हाय ते कोल्हापुरात कुणाला खरं वाटायचं न्हाय," हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मलकापुरात वाटंल. कारण तिथल्या लोकांनी डोळ्यांनी बघितलंय. पण मलकापूरवाल्यांचं ऐकतंय कोण?"

गंगावेशीतल्या त्यांच्या घरापुढच्या कट्ट्यावर संध्याकाळची धार आटोपून तिघं बसले होते. दोन हजार सहा सालची दिवाळी नुकती सरली होती. गोठ्यातल्या म्हशींच्या शिंगांवर पाडव्याचा रंग अजून टिकून होता आणि हंबीररावांच्या अंगावर पाडव्याचा नवा सदरा. सदऱ्याच्या बाह्या चांगल्या लांब होत्या, तरीही ते उजव्या हाताची बाही सारखी मनगटाखाली ओढत होते.

शेजारी बसला होता बाळासो, रोजचं दूध नेणारा. त्यानं हंबीररावांच्या गोष्टी इतक्या ऐकल्या होत्या, की कुठं मान डोलवायची आणि कुठं "आयला!" म्हणायचं ते त्याला पाठ होतं. तिसरे विजयसिंह, शाहूपुरीतले गाद्यांचे दुकानदार. बाळासोनं त्यांना मुद्दाम वाकळा, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधड्या, दाखवायला आणलं होतं.

वाकळा कुणाच्या? हंबीररावांच्या मालकीणबाईंच्या, म्हणजे चिमणाबाईंच्या. त्या उंबऱ्याच्या आत, कट्ट्याकडं पाठ करून, वाकळेवर बसून वाकळ शिवत होत्या. वाकळ शिवायची ती अशीच, तिच्यावर बसून. कडेकडेनं धावदोरा घालत यायचं, एका चौकोनात दुसरा चौकोन काढत काढत मधोमध पोचायचं. गेल्या वर्षापासून चिमणाबाईंना जरा कमी ऐकू येतंय, असं हंबीररावांचं मत होतं. त्याच भरवशावर ते आज बोलायला बसले होते.

ह्या बाईला वाकळांचा नाद कसला, तर नाद खुळा. गवळ्याचं घर, शेणघाण, वैरण, दोन वेळची धार, एवढं सगळं उरकून ती दुपारी सुई हातात घ्यायचीच. विकायला नव्हे. गल्लीत पोर जन्मलं, वाकळ. कुणाचं लगीन ठरलं, वाकळ. कुणी आजारातनं उठलं, वाकळ. घरात पाहुणा आला आणि त्यानं टॉवेल दोरीवर वाळत घातला, तर जाताना तो आठवणीनं काढून नेणं ही पाहुण्याची जबाबदारी. नाहीतर पुढच्या वर्षी तो टॉवेल त्याला कुणाच्या तरी अंगावर, चार ठिगळांच्या मधे, ओळखीचं हसताना दिसायचा. तालमीतल्या एका पैलवानाचा जुना लंगोट एका वाकळेच्या पोटात गेलाय, आणि ती वाकळ पांघरून झोपणारा माणूस झोपेत शड्डू ठोकतो, हे हंबीरराव शपथेवर सांगत. बाळासो इथं मान डोलवायचा.

विजयसिंहांनी वाकळा उलट्यापालट्या करून बघितल्या होत्या. टाक्यांवरून बोट फिरवलं होतं. मग त्यांची नजर गेली गोठ्याच्या दाराशी टांगलेल्या एका जुन्या वाकळेवर. हिरव्या लुगड्याची पाठ, विरलेली. मधे कुठंकुठं फिकट गुलाबी डाग. आणि एक कोपरा गायब, कुणीतरी दातानं तोडल्यासारखा.

"ही द्या की," विजयसिंह म्हणाले होते. "दुकानात काचंत लावतो. असली जुनी चीज बघायला लोक येतील."

"ती न्हाय." चिमणाबाई मागं न बघता म्हणाल्या होत्या.

"का वो मावशी?"

चिमणाबाईंनी पुढचा टाका घातला. आणि अशी रिकामी जागा दिसली की हंबीररावांना राहवत नसे.

"चौऱ्याण्णव सालची गोष्ट," ते म्हणाले. "माघ म्हैना. आमच्याकडं तवा गुलछडी म्हणून म्हस हुती."

म्हैस कशी होती? दारातनं आत यायची तर आधी शिंगं यायची, मग थोड्या वेळानं म्हैस. रंगानं काळी कुळकुळीत आणि नाव गुलछडी, कारण नाव ठेवलं चिमणाबाईंनी. तिच्या दुधावर साय अशी धरायची, की कासंडीवर मांजर उभं राहिलं असतं तरी त्याचे पाय ओले झाले नसते. गंगावेशीत कट्ट्यावर उभ्या उभ्या दूध पिणारे पैलवान आधी विचारायचे, "गुलछडीचं हाय न्हवं?" आणि मगच पेला तोंडाला लावायचे.

पण म्हैस एकाच माणसाची. चिमणाबाईंची. गोठ्यातलं तेच ते हिरवट लुगडं नेसून चिमणाबाई खाली बसायच्या, हातातल्या काचेच्या बांगड्या कासंडीवर किणकिणायच्या, आणि तोंडानं चालू असायचं, "मुडदा बशीवला तुझा, हल की मागं! लाज न्हाय, शरम न्हाय, पेंड तेवढी पायजे!" ह्या शिव्या कानावर पडल्या की गुलछडी डोळे अर्धे मिटायची आणि पान्हा सोडायची. दुसरं कुणी जवळ गेलं की शेपटीचा फटकारा. त्यातनं समजलं नाही, तर लाथ.

"मालकालाबी?" विजयसिंहांनी विचारलं.

"मालक गोठ्याचा, पावणं. म्हशीचा मालक म्हसच."

तर अशात लेकीचं बाळंतपण आलं. संयोगिता ही त्यांची एकुलती एक लेक, मलकापूरला दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच व्हायचं. सातव्या महिन्यात आणायची असं ठरलेलं, चिमणाबाईंनी खाट सुद्धा आवळून ठेवलेली. तेवढ्यात मलकापुरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिला हलवायचं नाही. एस.टी.चे धक्के तर अजिबात नाहीत. आता लेक येत नाही म्हटल्यावर आईनं जायला हवं. बाळंतपण आणि वर सव्वा महिना.

आणि गुलछडीची धार कोण काढणार? दोन वेळा धार चुकली की कास दगडासारखी होते, तिसऱ्या वेळेला म्हैस हातची जाते. हे गवळ्याच्या घरात पोरांनाही माहीत. म्हणजे चिमणाबाईंपुढं सवाल असा, की लेकीजवळ जावं तर म्हैस जाणार, आणि म्हशीजवळ राहावं तर लेक पहिल्या वेळेला आईविना अडणार.

"मी म्हणलं, तू जा गं. आमी बघतो," हंबीरराव म्हणाले.

"आयला!" बाळासो म्हणाला.

पण चिमणाबाई नवऱ्याला ओळखून होत्या आणि म्हशीलाही. त्या रडत बसल्या नाहीत. सुईत दोरा ओवला आणि दोन वाकळा एकदम घातल्या.

पहिली वाकळ लेकीची, बाळंतिणीची. पोटात मऊ झालेली धोतरं, दोनदा धुतलेली, तिसऱ्यांदा साबणानं धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेली. दुसरी वाकळ गुलछडीची. हिच्या पोटातलं काहीच धुतलं नाही. गोठ्यात नेसायचं लुगडं तसंच फाडलं. डोकीला बांधायचं फडकं तसंच घातलं. कास पुसायचं पटकूर, पेंडेच्या पोत्याचा तुकडा, चुलीपुढं बसताना घ्यायचा पदर. म्हणजे चिमणाबाई स्वतः गोठ्यात असताना जो काही वास यायचा, तो सगळा त्यांनी टाका घालून आत कोंडला.

आणि इथंच घोळ झाला. वाकळेच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाठीला, त्यांनी ट्रंकेतलं एक हिरवं नऊवारी काढलं होतं. नऊवार एका वाकळेला जास्त होतं. उरलेलं बाजूला ठेवायचं तर त्यांच्या जिवावर आलं. कापड उरलं की ह्या बाईला जेवण जात नाही. त्यांनी मधोमध फाडलं आणि अर्धं लेकीच्या वाकळेला लावलं, अर्धं म्हशीच्या. दोन्ही वाकळा जुळ्या बहिणी दिसायला लागल्या.

"आता वाकळ तर झाली. ती पांघरून धार काढायला माणूस पायजे," हंबीररावांनी बाही खाली ओढली. "आमच्याकडं तवा गणपती म्हणून एक गडी हुता."

उंबऱ्याच्या आत सुई थांबली.

हंबीररावांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिकडं बघितलं. सुई पुन्हा चालू झाली. त्यांनी श्वास सोडला आणि गणपतीला आणखी थोडा रंगवला. धिप्पाड माणूस. तालमीतला. मिशा एवढ्या, की वाऱ्याच्या दिवशी त्याला फिरताना तोल सांभाळावा लागायचा.

चिमणाबाईंनी ह्या गणपतीला वाकळ पांघरवली, डोक्यावरनं पदरासारखी घेतली आणि गोठ्यात बसवलं. गुलछडीनं मान वळवली. वास घेतला. पुन्हा घेतला. शेपटी खाली राहिली. लाथ नाही! दारात उभ्या चिमणाबाईंनी देवाला हात जोडले. पण पान्हा काही येईना. म्हैस नुसती उभी, कसली तरी वाट बघत.

"बांगड्या," चिमणाबाई म्हणाल्या. "तिला आवाज पायजे."

कासारीण बोलावली. तिनं सगळ्यात मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या, गणपतीचा पंजा तेलात बुडवला आणि दाबायला लागली. "मावशी, ह्यो हात हाय का खांब?" तिला घाम फुटला. एक बांगडी मनगटावरच फुटली आणि काच चांगली खोलवर गेली. रक्त बघून कासारीण उठायला लागली, तर गणपतीच म्हणाला, "भर की! जे व्हायचं ते एकदाच हू दे." हिरवा चुडा भरला, वर हळद दाबली.

"शूर माणूस," विजयसिंह म्हणाले.

"लई!" हंबीरराव जरा जास्तच जोरात म्हणाले.

पुन्हा गोठ्यात. बांगड्या कासंडीवर वाजल्या. गुलछडीचे कान हलले. पण अजून काहीतरी कमी होतं. चिमणाबाई दाराआडून कुजबुजल्या, "शिव्या द्या की!" गणपती लाजला. हळूच म्हणाला, "हल बाई मागं." म्हैस तशीच. "अशा न्हवं! माझ्यागत!" मग काय करतो बिचारा, डोळे मिटले, गळा बारीक केला आणि किनऱ्या आवाजात सुरू झाला, "मुडदा बशीवला तुझा! लाज न्हाय, शरम न्हाय, पेंड तेवढी पायजे!"

आणि गुलछडीनं पान्हा सोडला. कासंडीत धारा अशा वाजायला लागल्या, जणू पत्र्यावर वळीव. कट्ट्यावर दूध प्यायला आलेले पैलवान आतून येणारा तो आवाज ऐकून एकमेकांकडं बघत होते. "आज मालकीणबाईंचा घसा बसलाय वाटतं," एकजण म्हणाला.

बाळासोला हसू आवरेना. त्यानं पोट धरलं. विजयसिंह तर कट्ट्यावरून घसरायचे राहिले. आतल्या बाजूला चिमणाबाईंची पाठ थोडी थरथरली, पण हंबीररावांनी ते बघितलं नाही. ते रंगात आले होते.

"आठवडाभर तालीम झाली गणपतीची. मग एका शनिवारी समोरच्या दुकानात फोन आला. संयोगिताला कळा सुरू झाल्या. ही उठली, हाताला लागंल ते गठुड्यात बांधलं आणि सकाळची एस.टी. धरली."

हाताला लागली ती वाकळ कोणती, हे संध्याकाळी कळलं. गणपतीनं राहिलेली वाकळ पांघरली, चुडा वाजवला, गळा बारीक केला, शिवी हासडली. गुलछडीनं वास घेतला. साबण! नुसता स्वच्छ, खडखडीत, उन्हात वाळवलेला साबण! आपल्याला फसवायला कुणीतरी परकी बाई आली, असं म्हशीला वाटलं असणार. तिनं अशी लाथ घातली, की गणपती चुड्यासकट गव्हाणीत जाऊन पडला आणि त्याच्या तोंडात वैरण गेली.

"तुमी कुठं होता तवा?" विजयसिंहांनी विचारलं.

"मी? मी हितंच की. कट्ट्यावर. मला आपला धप्प असा आवाज आला."

सुई दुसऱ्यांदा थांबली. ह्या वेळी जरा जास्त वेळ.

हंबीररावांनी घाईनं गोष्ट मलकापूरला नेली.

तिकडं संयोगिता सुखरूप सुटली होती. मुलगी झाली, मनाली. आता सातवीत आहे, आजोबांना वर तोंड करून विचारते, "खरं सांगा, आबा." पण तेव्हा ती हातभर होती आणि संयोगिता पांढरी फटक पडली होती, आईचा पदर मुठीत धरून. चिमणाबाईंनी गठुडं सोडलं, वाकळ अंथरली आणि खोलीत गंगावेशीतला अख्खा गोठा येऊन उभा राहिला.

विहीणबाई, अंबूबाई, स्वभावानं टापटिपीच्या. अंगणात पान पडलं तरी त्या त्याला जाब विचारायच्या. त्यांनी नाकाला पदर लावला. "इहीणबाई, बाळंतिणीला ही वाकळ? कोल्हापुरात पाणी मिळत न्हाय व्हय?"

चिमणाबाईंना समजलं काय झालं ते. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मलकापुरातला किराणा दुकानदार हंबीररावांनी रात्री फोनवर दिलेला निरोप घेऊन आला: वाकळ बदलली, म्हैस धार देईना, कास ताठली, काय करू?

वाकळ एस.टी.नं पाठवून द्यावी, हे चिमणाबाईंना लगेच सुचलं. त्या मागल्या अंगणात धावल्या. तर वाकळ कुठाय? अंबूबाईंनी ती स्वतः धुवायला नेली होती. पाणवठ्यावर. साबण, सोडा आणि धोपाटणं घेऊन.

संपलं. धुतलेली वाकळ म्हणजे नुसतं कापड. आता म्हशीपुढं एकच वाकळ चालणार होती, जिच्यात चिमणाबाई स्वतः उभ्या आहेत. त्यांनी पिशवी भरली. संयोगितानं पदर सोडला नाही. "आई, दोन दिस तरी," ती म्हणाली. चिमणाबाई लेकीकडं बघायच्या, पिशवीकडं बघायच्या. दुपारच्या एस.टी.ची वेळ होत आली तरी पाय उंबऱ्यात अडकलेला.

"आणि म्हस?" बाळासोनं वेळेवर विचारलं.

"म्हस? म्हस निघाली हुती न्हवं!"

रविवारी तांबडं फुटताना गुलछडीनं दावं तोडलं होतं. गोठ्यातनं बाहेर आली, नाक वर केलं, एस.टी. ज्या रस्त्यानं गेली त्या रस्त्याचा वास घेतला आणि शिवाजी पुलाकडं तोंड करून चालायला लागली. चालत चालत पळायला लागली.

हंबीररावांनी राजदूत काढली, मागं गणपती बसला. पाडव्याला गंगावेशीत म्हशी मालकाच्या फटफटीमागं पळतात हे साऱ्या कोल्हापूरला माहीत आहे. त्या दिवशी फटफटी म्हशीमागं पळत होती. गणपतीच्या हातातला चुडा निघाला नव्हता, खांद्यावर साबणाची वाकळ होती, कारण गडबडीत उतरवायला सुचलं नाही. वडणग्याच्या फाट्यावर एका म्हातारीनं बघितलं आणि म्हणाली, "कुणाची सून म्हणायची ही? उंच हाय बाई."

माघातला रविवार, म्हणजे जोतिबाचे खेटे, कोल्हापुरातनं डोंगरावर चालत जायची वारी. केर्लीपासून रस्ता माणसांनी भरलेला, अनवाणी, गुलालानं माखलेला. समोरून म्हैस येतीय म्हटल्यावर लोक बाजूला झाले नाहीत. कोल्हापूरचीच माणसं ती. त्यांनी "चांगभलं!" अशी आरोळी ठोकली आणि मूठमूठ गुलाल उधळला. काळीभोर गुलछडी गर्दीत शिरली आणि पलीकडनं गुलाबी बाहेर आली. पार शिंगांच्या टोकापर्यंत. नावाला शोभंल अशी.

वाघबिळाच्या चढावर राजदूत तापली, म्हैस तापली नाही. बांबवड्यात एस.टी. उभी होती. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं, गुलाबी म्हैस बघितली, तिच्यामागं धापा टाकणारी फटफटी बघितली, फटफटीवरची चुडा भरलेली मिशीवाली बाई बघितली, आणि डोकं परत आत घेतलं. त्या माणसानं नंतर तंबाखू सोडली म्हणतात.

"आयला!" बाळासो म्हणाला. ह्या वेळी अगदी मनापासून.

मलकापुरात पाणवठ्यावर अंबूबाईंनी बाकीचं धुणं उरकून आता वाकळ दगडावर पसरली होती. पाणी अजून टाकलं नव्हतं. आधी सोडा भुरभुरावा की आधी साबण लावावा, ह्या विचारात होत्या. धोपाटणं हातात. तेवढ्यात मागनं कुणीतरी फुसकारलं. त्यांनी वळून बघितलं, तर गुलाबी तोंड.

दुसरी बाई असती तर पळाली असती. अंबूबाई पळणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हशीनं वाकळेचा कोपरा तोंडात धरला, अंबूबाईंनी दुसरा हातात धरला. "सोड! सोड म्हणते! बाळंतिणीची हाय!" म्हैस ओढतीय, अंबूबाई ओढताहेत. सारा पाणवठा धुणं टाकून बघायला उभा. आणि मग चर्रर्र झालं. कोपरा म्हशीच्या तोंडात, बाकीची वाकळ अंबूबाईंच्या हातात. कोपरा म्हशीनं खाऊन टाकला. अंबूबाईंनी वाकळ खांद्यावर घेतली आणि तरातरा घराकडं निघाल्या. म्हैस मागोमाग. तिला वाकळ पाहिजे होती, आणि वाकळेत जी बाई होती ती पाहिजे होती.

चिमणाबाई पिशवी उचलून उंबऱ्याबाहेर पाय टाकत होत्या. समोर बघतात तर विहीणबाई आणि त्यांच्यामागं गुलछडी, जत्रेतनं आल्यासारखी. चिमणाबाईंच्या हातातनं पिशवी खाली पडली. आणि तोंडातनं काय निघालं?

"मुडदा बशीवला तुझा! हितवर आलीस व्हय गं? लाज न्हाय, शरम न्हाय..."

ते ऐकून म्हशीनं अंगणातच पान्हा सोडला. अंबूबाई पळत जाऊन स्वतः कासंडी घेऊन आल्या. घरात होती नव्हती ती सगळी भांडी भरली, शेजारची आणली, तीही भरली. आतल्या खोलीतून संयोगिताच्या हसण्याचा आवाज आला, बाळंतपणानंतरचा पहिला.

संध्याकाळी अंबूबाईंनी त्या दुधाचा चहा घेतला. पहिल्या घोटाला थांबल्या. दुसऱ्याला डोळे मिटले. तिसरा घोट संपल्यावर उठल्या, वाकळ झटकली आणि स्वतःच्या हातानं बाळंतिणीच्या खाटेवर अंथरली. "असू दे. वासाची सवय हुती माणसाला," म्हणाल्या. मनाली त्या वाकळेवर पडल्या पडल्या झोपली, ती रात्रभर हललीसुद्धा नाही. अजून झोपेत ती कधी कधी रवंथ करते, असं तिचा बाप म्हणतो.

चिमणाबाई सव्वा महिना पुरा करून आल्या. म्हैसही. तोवर ती विहीणबाईंच्या दारातल्या फणसाला बांधलेली होती. परत निघताना गुलछडी चालायला तयार होईना, बसून राहिली, शेवटी टेम्पो करावा लागला. चालायचं कशाला? वाकळ आणि चिमणाबाई, दोन्ही टेम्पोतच होत्या.

"म्हणून ती वाकळ द्यायची न्हाय, पावणं," हंबीररावांनी सदऱ्याची बाही पुन्हा एकदा खाली ओढली. "ती काचंत लावायची चीज न्हवं."

विजयसिंहांनी डोळे पुसले. हसून हसून त्यांच्या पोटात दुखत होतं. त्यांनी गोठ्याच्या दाराशी जाऊन त्या गुलाबी डागांवर बोट फिरवलं, तुटका कोपरा हातात घेऊन बघितला. "खरं वाटत न्हाय, पण कोपरा तर दिसतोय," ते म्हणाले. "बरं, एक राहिलं. त्या गणपतीचं काय झालं पुढं?"

"गणपती?" हंबीररावांनी घसा साफ केला. "तो... तो गेला की निपाणीकडं. चुडा निघंना म्हणून लाजून गेला. परत आलाच न्हाय. चांगला गडी हुता पर."

सुई तिसऱ्यांदा थांबली. दोरा दातानं तोडल्याचा आवाज झाला. चिमणाबाई वाकळेवरून उठल्या, कंबर धरून उंबऱ्यात आल्या. चष्मा कपाळावर, सुई पदराला खोचलेली, आणि चेहऱ्यावर असं काही, की बाळासो आपोआप सरळ बसला.

"म्हशीचं सगळं खरं हाय, पावणं," त्या म्हणाल्या. "चालत आली, गुलाबी झाली, इहीणबाईंच्या हातातनं वाकळ वडली, सगळं खरं. मी बघितलंय." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "पण आमच्या गोठ्यात गणपती नावाचा गडी जल्मात कवा नव्हता!"

हंबीररावांचा हात बाहीवर गेला.

"झाकू नका आता. वर करा बाही, दाखवा की पावण्यांस्नी काच लागलेली खूण! मला लेकीकडं जायला मिळावं म्हणून चुडा भरून, वाकळ पांघरून, बारीक आवाजात शिव्या देत म्हशीखाली बसलेला तो गणपती ह्योच की!"